दुसरा खटका

माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नियम एकच आहे, आणि तो न पाळणाऱ्याला मी गाडीतून खाली उतरवतो, मग तो कुणाचा का जावई असेना. किल्ली फिरवायच्या आधी गाडीत दोन खटके ऐकू आले पाहिजेत. पहिला शिकणाऱ्याच्या पट्ट्याचा, दुसरा माझ्या पट्ट्याचा. दुसरा ऐकू येईपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही. एका निवृत्त न्यायाधीशांना यावरून मी भर बाजारात उतरवलं होतं. नंतर त्यांनीच आपल्या सुनेला माझ्याकडे शिकायला पाठवलं.

आणि आता गंमत बघा. गेले कित्येक महिने मला स्वतःला तो दुसरा खटका ऐकवत नाही.

त्याचं असं झालं. सोमवार ते शनिवार मी लोकांना 'हळू, हळू, अहो हळू' शिकवायचो आणि रविवारी डोंगर चढायचो. पायी नव्हे. शहराबाहेरचा डोंगरावर जाणारा रस्ता अर्धा दिवस बंद ठेवतात आणि आमच्यासारखे हौशी लोक एकेक करून खालून वर गाडी पळवतात. समोर कुणी नाही, मागे कुणी नाही, फक्त तुम्ही आणि घड्याळ. एक दातांचा डॉक्टर, एक केस कापणारा, चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या दोघी बहिणी, आणि मी. 'लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण' असं बायको म्हणायची. पण म्हणणारी तीच दर रविवारी माझ्याबरोबर यायची, कारण तिच्याशिवाय माझी गाडी सुटायचीच नाही.

शर्यतीच्या गाडीतला पट्टा साधा नसतो. खांद्यांवरून दोन, कमरेवरून दोन, मांड्यांमधून एक, असे सगळे पोटावरच्या एका बक्कलात येतात, आणि ते आवळायला दुसरा माणूस लागतो. माझी बायको कुरिअरच्या ऑफिसात पार्सलं बांधते. तिच्या हातचं पार्सल जगाच्या टोकाला जाऊन परत आलं तरी दोरी सैल व्हायची नाही. ती सीटला गुडघा टेकवून ओढायची. मी म्हणायचो, "अजून." ती ओढायची. "अजून." "अरे, श्वास तरी घेशील की नाही?" "अजून." मग ती घामेघूम होऊन माझ्या हेल्मेटवर एक टपली मारायची आणि बाजूला व्हायची. घरी आम्ही भांडायचोही, आठवडा आठवडा बोलायचो नाही, पण त्या टपलीत कधी खंड पडला नाही.

त्या रविवारीही तिनंच आवळलं होतं. वर एक वळण आहे, त्याला आम्ही 'कोपर' म्हणतो. तिथं माझी मागची चाकं खडीवर गेली आणि गाडी हातातून सुटली. दरड दिसली, आभाळ दिसलं, परत दरड दिसली, आणि मग रस्त्याकडेच्या गटारात गाडी उलटी. दोन्ही बाजूंच्या भिंतींत अशी चपखल बसली की दारं उघडेनात. मी पट्ट्यांना उलटा लटकलेला, उजवी मांडी मोडलेली, पेट्रोलचा वास, आणि कुठंतरी थेंब थेंब गळण्याचा आवाज. माझा हात आपोआप बक्कलाकडे गेला. तेवढ्यात फुटक्या खिडकीतून एक हात आत आला आणि त्यानं माझं मनगट घट्ट धरलं.

तो त्या वळणावरचा मार्शल, म्हणजे झेंडा घेऊन उभा असतो तो. एरवी हा माणूस लिफ्ट दुरुस्त करतो, म्हणून सगळे त्याला लिफ्टवालाच म्हणतात. गटारात पालथा पडून तो म्हणाला, "मास्तर, आग नाहीये. मी बघितलंय. बक्कल उघडायचं नाही. डोक्यावर पडाल, मान मोडेल." अहो, हा नियम मलाही पाठ आहे, मी तो नवख्यांना शिकवलाय! पण उलटं लटकल्यावर शिकवलेलं सगळं डोक्यातून गळून पडतं. "सोड मला, सोड," म्हणून मी ओरडत होतो. पत्रा कापणारी माणसं येईपर्यंत त्यानं काही माझं मनगट सोडलं नाही.

मांडीत सळई घातली, गुडघा शिवला, आणि मला घरी आणून पुढच्या खोलीत पलंगावर टाकलं. तेव्हापासून ही खोली आणि मी. एका भिंतीला कपाट, दुसऱ्या भिंतीला घड्याळ, मध्ये वॉकर. खिडकीतून खाली उभी असलेली ड्रायव्हिंग शाळेची गाडी दिसते, तिच्या टपावरची पाटी दिसते. पाय हळूहळू सुधारला, पण मी नाही. पांघरूण पायांखाली खोचलं की माझा जीव घाबरा होतो. गळ्याचं बटण लावत नाही. न्हाणीघराचं दार आतून लावत नाही. बोटातली अंगठीसुद्धा काढून ठेवली. रात्री जरा डोळा लागला की मी परत त्या गटारात, आणि 'सोड, सोड' म्हणून ओरडत उठतो.

हे सगळं मी कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? ड्रायव्हिंगचा मास्तर पट्ट्याला घाबरतो? लोक पोट धरून हसतील.

एकदा घरात कुणी नसताना मी वॉकर घेऊन खाली गेलो आणि गाडीत माझ्या जागेवर बसलो, शिकणाऱ्याच्या शेजारी, जिथं माझे जादा ब्रेक आणि क्लच आहेत. गाडी जुनी, त्या पट्ट्याची स्प्रिंग केव्हाच थकलीय, तो हातानं ओढून नीट करावा लागतो. मी ओढला, लावला. खट् झालं. त्यानंतर मी गाडीबाहेर कसा आलो हे मला खरंच माहीत नाही. शुद्ध आली तेव्हा मी फुटपाथवर ओणवा होतो, वॉकर आडवा पडला होता, आणि एक बाई विचारत होत्या, "काका, पाणी आणू का?" बायकोला सांगितलं, गुडघा दगा देतोय. तेव्हापासून सगळं खापर त्या गरीब गुडघ्यावर. व्यायाम घेणारी बाई बुचकळ्यात पडायची. "अहो, गुडघा तर छान वाकतोय की!" मी म्हणायचो, "तुम्ही गेल्यावर वाकत नाही."

शाळा तेवढ्यापुरती माझा मेहुणा चालवत होता. तो जहाजावर स्वयंपाकी, लांब सुट्टीवर घरी आलेला. शिकवायचा परवाना त्यानं पूर्वी माझ्याच आग्रहानं काढला होता. त्याचं शिकवणं म्हणजे आनंदीआनंद. क्लच जळाल्याचा वास मला खोलीत यायचा आणि मी खिडकीतून ओरडायचो, "अर्ध्यावर धर म्हणावं त्याला, अर्ध्यावर!" "भाऊजी, उंटावरून शेळ्या हाकू नका," तो खालून म्हणायचा. पण त्याचं जहाज येत्या सोमवारी सुटणार होतं. त्यानंतर माझ्या जागेवर बसायला कुणी नाही. मी बसलो नाही तर मुलं कोपऱ्यावरच्या दुसऱ्या शाळेत जाणार आणि टपावरची पाटी उतरवावी लागणार. मला दुसरा कुठला धंदा येत नाही. साधा चहासुद्धा माझ्याकडून उतू जातो.

आणि बायको. तिचं काय बिनसलं होतं ते मला कळत नव्हतं. सगळं करायची, पण हात लावायची नाही. ताट स्टुलावर ठेवून मागे सरकायची. पांघरूण पायथ्याशी घडी करून ठेवायची, अंगावर घालायची नाही. उठताना तोल गेला तर वॉकर पुढे करायची, हात नाही. मला वाटलं, कंटाळली. कुणीही कंटाळेल. दिवसभर पार्सलं बांधायची आणि घरी येऊन हे एक न पाठवता येणारं पार्सल सांभाळायचं. मी आणखी खेकसायला लागलो. एकदा तर 'तुला नको असेन तर तसं सांग' इथपर्यंत गेलो. ती ताट उचलून आत निघून गेली.

जहाज सुटायच्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळी लिफ्टवाला आला. हातात बिस्किटांचा पुडा, अंगावर कामाचे कपडे, नखांत ग्रीस. त्याला बघून मला आनंद झाला असता तर बरं दिसलं असतं, पण झाला नाही. पहिली नजर त्याच्या हाताकडेच गेली. बायको चहा घेऊन आली आणि दाराशीच उभी राहिली.

"काय मास्तर, राग गेला का?" त्यानं हसत विचारलं.

"कसला राग?"

"कसला म्हणजे! वहिनी, तुम्हाला सांगितलं नाही यांनी? त्या दिवशी यांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सोड रे, सोड मला, म्हणून नुसता थयथयाट. चावलेसुद्धा. हे बघा." त्यानं अंगठ्याखालचा पांढरा वण दाखवला. "मी म्हटलं, चावा. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं आम्हाला याहून वाईट बोलतात. बाहेर आल्यावर परत लाजून जिन्यानं जातात."

मी ओशाळलो. चावल्याचं मला खरंच आठवत नव्हतं. पण बायको हातातला चहा द्यायचाच विसरली.

"सोड असं हे तुम्हाला म्हणाले?" तिनं विचारलं.

"मग आणखी कुणाला? तिथं मी एकटाच होतो की."

"रोज रात्री झोपेत ओरडतो," ती म्हणाली. "सोड, सोड. मला वाटलं, मला म्हणतोय. मीच बांधलं होतं ना. मी इतकं आवळलं म्हणून हा सुटू शकला नाही, असंच मी समजत होते."

लिफ्टवाल्यानं हातातला पुडा स्टुलावर ठेवला. मग म्हणाला, "वहिनी, पत्रा कापणाऱ्यांनी पट्टे बघितले तेव्हा मला काय म्हणाले माहितीये? बांधणाऱ्याचे हात चांगले आहेत म्हणाले. जरा जरी सैल असते तर हे छतावर आपटले असते. मी नुसतं मनगट धरून होतो. यांना धरून ठेवलं ते तुम्ही."

ती मटकन खुर्चीवर बसली. मला वाटलं, आता रडेल. पण नाही. ती माझ्यावर भडकली.

"आणि तू! तोंडाला कुलूप लावलं होतं का? इतके दिवस मी तुला हात लावायला घाबरतेय, आणि तू गुडघा गुडघा करत बसलायस! गुडघा बरा आहे, व्यायामाच्या त्या बाईंनी मला केव्हाच सांगितलंय. कशाला घाबरतोस ते सांग."

लिफ्टवाल्यानं तिच्या हातातला चहा घेऊन एका दमात संपवला आणि 'येतो' म्हणून निघाला. शहाणा माणूस. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणालो, "पट्ट्याला. खट् झालं की मी परत तिथं जातो. मला आता जमणार नाही ते. पाटी उतरवून टाक."

ती उठली, खुंटीवरची शाळेच्या गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाली, "चल."

"कुठं?"

"खाली."

त्या दिवशी वॉकर तिनं पुढे केला नाही, दंड धरला. मला गाडीत माझ्या जागेवर बसवलं, आणि स्वतः वळसा घालून शिकणाऱ्याच्या जागेवर येऊन बसली. त्या जागेवर ती लग्नानंतर एकदाच बसली होती. मी तिला शिकवायला गेलो, इतका ओरडलो की ती चौकातच गाडी बंद करून, किल्ली माझ्या मांडीवर टाकून चालत घरी निघून गेली. त्यानंतर कधीच नाही.

"आरसा," माझ्या तोंडून निघालं. सवय, दुसरं काय.

तिनं आरसा फिरवला.

"सीट पुढे घे. पाय पोचतोय का? पट्टा लाव."

तिनं लावला. पहिला खटका झाला. मग ती हात मांडीवर ठेवून समोर बघत बसली. किल्ली तशीच.

"आता?" मी म्हणालो.

"दुसरा कुठं झालाय?"

मी माझ्या बाजूचा पट्टा ओढला, तो निम्म्यावर आला आणि हात पुढे जाईना. नाकात पेट्रोलचा वास आला. गाडीत पेट्रोल सांडलेलं नव्हतं हे मला कळत होतं, तरी आला. तिनं माझ्या हातातून पट्टा घेतला, दोन सीटांच्या मध्ये नेला आणि थांबली.

"बघ. माझा अंगठा या लाल बटणावर राहील. मी काढणार नाही, कितीही वेळ झाला तरी. तू नुसतं सोड म्हण, मी सोडीन. पण या वेळी मला म्हण."

खट्.

भिंती जवळ आल्या. आल्याच. कानात थेंब गळायला लागले. मी खाली बघितलं. बटणावर तिचा अंगठा नुसता टेकलेला होता, बक्कल धरलेली बाकीची बोटं पांढरी पडलेली. 'सोड' माझ्या ओठांवर आलं, आणि मी ते ओठांवरच धरून बसलो. रस्त्यानं एक सायकल गेली. कुणीतरी दुकानाचं शटर वर ओढलं. गाडी अर्थातच जागची हलली नव्हती.

थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की पट्टा छातीवर नुसता लोंबतोय. तिनं तो लावला होता, पण ओढला नव्हता. असा सैल पट्टा मी कुणाला चालवून घेत नाही.

"ओढ तो," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. "नको रे."

"ओढ म्हणतो ना."

तिनं दुसऱ्या हातानं जरासा ओढला. डोळे गळत होते आणि पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.

"अजून," मी म्हणालो.