बिनकागदाची तपासणी

धाकटीने पडदा ओढला, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला आणि ताईच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला.

"आ कर. अजून मोठा."

"बोलताना उघडते तेवढंच उघडतं माझं तोंड."

"म्हणजे पुष्कळ झालं."

निळा दिवा लागला. या उजेडात तोंडातलं निरोगी मांस हिरवट चमकतं, बिघडलेलं काळं दिसतं. ताईच्या जिभेच्या कडेला काळा डाग होता. सहा महिन्यांपूर्वीही होता, पण तेव्हा मसुराएवढा. आता तो नखाएवढा झाला होता.

तेव्हा ताई धाकटीचा घरी विसरलेला डबा द्यायला दवाखान्यात आली होती. नव्या यंत्राची ऐट दाखवायची म्हणून धाकटीने तिला खुर्चीत बसवलं आणि डाग पाहून "दात लागलाय गं, जपून खात जा," म्हणून मोकळी झाली. दात लागलेली जागाही काळीच दिसते. म्हणूनच पंधरा दिवसांनी परत बोलवायचं आणि तरी डाग राहिला तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा, असा नियम. धाकटीला तो तोंडपाठ होता. पण घरच्या माणसाचा केसपेपर कोण काढतो? केसपेपर नाही म्हणून परत बोलवायच्या यादीत नाव नाही, आणि यादीत नाही ते तिच्या डोक्यातही राहिलं नाही. परक्या दीडशे माणसांना तिने फोन करकरून बोलावलं होतं. सख्खी बहीण तेवढी राहिली. आज पाणीही झोंबतंय म्हणून तीच आपण होऊन आली होती.

"ताई, मी तुला तेव्हाच परत बोलवायला हवं होतं. विसरले गं."

ताईने चष्मा काढला.

"बोलव तुझ्या मोठ्या बाईंना," ती म्हणाली.

मोठ्या बाई म्हणजे इथल्या मुख्य डॉक्टर. त्यांनी दिवा धरून नीट पाहिलं, मग पडदा सरकवला.

"तुकडा आजच काढू. हे आजकालचं नाही. आधी कुणाला दाखवलं होतं?"

धाकटी बोलणार, तोच ताई म्हणाली, "हिनेच पाहिलं होतं. पंधरा दिवसांनी ये म्हणाली, दोनदा फोन केला. मीच आले नाही."

"शिकल्यासवरलेल्या तुम्ही! बहीण इथे असून ही तऱ्हा?"

"चुकलंच माझं."

ताई मान खाली घालून बोलणी खात राहिली. मोठ्या बाई हात धुवायला वळल्या.

"केसपेपर काढा. लिहा, सांगूनही रुग्ण परत आली नाही."

धाकटी टेबलाशी बसली. नाव, वय, पत्ता, काहीच विचारावं लागलं नाही. पुढच्या रकान्यात पेन अडलं. खरं लिहिलं तर नोकरी जाणार, हे तिला कळत होतं. ताईलाही ते कळलं होतं, याचीच तिला जास्त लाज वाटत होती.

"लिही ना," ताई हळूच म्हणाली. "बाई खोळंबल्यात."

"सांगूनही रुग्ण परत आली नाही," धाकटीने लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली.