बाणाची चार बटणं

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. माझ्या अंगावरची बरीच अक्षरं घासून पुसट झाली आहेत, पण बाणाची चार बटणं अजून नव्यासारखी दिसतात. माझी गोष्ट त्या चार बटणांचीच आहे. ती मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. आयुष्यभर मी दुसऱ्यांचेच शब्द उमटवत आलो.

मला घडवलं तेव्हा दणकटपणाला मान होता. माझ्या तळाला पोलादी पत्रा आहे आणि प्रत्येक बटणाखाली ताठ स्प्रिंग. बेंगळुरूच्या एका कचेरीत पद्मावतीबाई नावाच्या टायपिस्ट माझ्यावर काम करायच्या. साहेबांचा राग त्या माझ्यावर काढायच्या आणि म्हणायच्या, "हा बिचारा सगळं सोसतो." मला त्या वाक्याचा अभिमान वाटे. पुढे कचेरीत नवी यंत्रं आली आणि मी चिकपेटजवळच्या एस. पी. रोडवर, हयवदन यांच्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या जुन्या सामानाच्या ढिगात येऊन पडलो.

१९९८च्या उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, सुमाराला सयाजीअण्णा त्या दुकानात आले. पिढ्यान्‌पिढ्या इथलंच मराठी घर. ते पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथ चालवायचे. त्यांची एकुलती मुलगी स्मृती चौदा वर्षांची होती. तिचे स्नायू झिजत चालले होते. पाय केव्हाच गेले होते, ती चाकांच्या खुर्चीवर असायची आणि आता हातांची पाळी येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिनं एकच मागितलं होतं. बोटं हलतात तोवर तिला घरच्या कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळायचा होता.

दुकान माडीवर, जिना अरुंद. स्मृती आईबरोबर, मथुराअक्कांबरोबर, खाली ऑटोतच बसून राहिली. तिथूनच ओरडली, "अप्पा, कार्ड चांगलं घ्या! रस्ता खराखुरा दिसला पाहिजे!"

अण्णांनी तिचं ऐकलं. बेताच्या पैशातला मोठा वाटा त्या ग्राफिक्स कार्डावर गेला. प्रोसेसर आणि मॉनिटर जुने घेतले. शेवटी उरला कीबोर्ड.

"अण्णा, हा नवा घ्या. स्वल्प हलका आहे, पण पोरीला बरा पडेल," हयवदन म्हणाले. "किंमत जुन्याइतकीच लावतो."

अण्णांनी तो दोन बोटांनी उचलला. "हा? हा तर पापड झाला!" मग त्यांनी ढिगातून मला काढलं, तळहातावर तोललं आणि लेथवर घट्टे पडलेल्या अंगठ्यानं माझं एक बटण दाबून पाहिलं. "याला म्हणतात वस्तू. हा वीस वर्षं टिकेल."

हयवदन यांनी खिडकीतून खालच्या ऑटोकडे पाहिलं. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाले आणि मला कागदात गुंडाळलं. मित्रांनो, त्या दिवशी मी फुशारून गेलो होतो.

पहिल्या संध्याकाळी पडद्यावर रस्ता धावू लागला आणि स्मृती हसली. गाडी चालायला वरच्या बाणाचं बटण दाबून धरावं लागे. पहिल्याच वळणानंतर तिचं बोट थरथरू लागलं. तिनं दोन बोटं लावली. मग दुसऱ्या हातानं पहिला हात दाबून धरला. गाडी भिंतीवर आदळली.

"कसं आहे गं?" अण्णांनी विचारलं.

"झकास आहे, अप्पा. गाडीच जरा हट्टी आहे."

अण्णांना वाटलं, कार्डच कमी पडतंय. त्यांनी ते बदलून वरचं आणलं. मग मेमरी वाढवली. त्यासाठी स्कूटर विकली आणि ते बसच्या गर्दीत लोंबकळत पीण्याला जाऊ लागले. दर वेळी मला बाजूला ठेवत, प्रेमानं पुसत आणि परत जागेवर आणत. माझ्यावर कुणाचा संशयच नव्हता. स्मृती मात्र खेळायला कमी कमी बसू लागली. "अभ्यास आहे," म्हणायची. मला सगळं ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे होतं?

दसऱ्याच्या आदल्या दिवशीची आयुधपूजा आली. अण्णांची मोजमापाची हत्यारं, मथुराअक्कांची कात्री, स्क्रू-ड्रायव्हर आणि कॉम्प्युटर, सगळं झेंडूच्या फुलांत मांडलं. "तुझं आयुध तूच पूज," अक्का लेकीला म्हणाल्या. स्मृतीनं बोट कुंकवात बुडवून वरच्या बाणावर टेकवलं.

"नीट दाबून लाव गं."

"दाबतेच आहे, आई."

बटण हललं नाही. अक्कांनी आपलं बोट ठेवून दाबलं, तर त्यांनाही जोर लावावा लागला. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही हे कधी तिच्या बोटानं दाबून बघितलंत का?"

"अगं, दणकट म्हणून मी..."

"अप्पांना फार आवडला होता ना तो," स्मृती हळूच म्हणाली.

त्या दिवशी हत्यारांना विश्रांती असते, कुणी उचलत नाही. अक्का म्हणाल्या, "उचला आज." कुंकू लागलेलाच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन अण्णांनी मला उघडलं. बाणाच्या बटणांखालच्या ताठ स्प्रिंगा काढल्या आणि बॉलपेनांतल्या नाजूक स्प्रिंगा कापून बसवल्या. कामात त्यांचे डोळे सारखे भरून येत होते.

स्मृतीनं वरच्या बाणावर बोट ठेवलं. नुसत्या बोटाच्या वजनानं बटण खाली गेलं! गाडी सुसाट निघाली. समोर वळण आलं आणि गाडी तशीच भिंतीला घासत राहिली. बोट ठेवायला आता ताकद लागत नव्हती, पण उचलायला लागत होती. तेवढीही तिच्यात उरली नव्हती.

"अप्पा, उचला."

अण्णांनी तिचं बोट उचललं.

"आता डावीकडे ठेवा."

अशी ती शर्यत चालली. सगळ्या गाड्या पुढे गेल्यावर, अगदी शेवटी, त्यांची गाडी पोहोचली. पुढच्या उगादीला घरात स्मृती नव्हती, तिची चाकांची खुर्चीही नव्हती.

मित्रांनो, अण्णा बरोबर बोलले होते. मी टिकलो. पण जिच्यासाठी मला आणलं, तिच्या कामाला आलो नाही. तुम्ही कुणासाठी काही निवडाल तेव्हा आपल्या हातानं तोलू नका. ते आधी त्या माणसाच्या हाताखाली ठेवून बघा. त्यासाठी जिना चढवून न्यावं लागलं तरी न्या.

आता मी कपाटावर असतो. आयुधपूजेला अण्णा मला खाली काढतात आणि वरच्या बाणावर कुंकवाचं बोट ठेवतात. बटण आपोआप खाली जातं. ते बोट उचलायला त्यांनाही फार वेळ लागतो.