दहाव्याचं पीठ

साखरा गावात सोनाजीच्या दारी दहा दिवसांत रडायला चव्वेचाळीस बाया आल्या. खऱ्या रडल्या त्या चौघी. बाकीच्यांचा एक डोळा पदरात, दुसरा चुलीकडं. ही मोजदाद सोनाजीनं हौसेनं केली नव्हती. त्याला फक्त घटकाभर, गेलेल्या बायकोसंगं एकट्यानं गप बसायचं होतं, अन् तेवढंच कोणी करू देईना.

शकुबाई तांबडं फुटायच्या आधी जात्यावर बसायची. एका फेऱ्याला एक विठ्ठल. सोनाजी पांघरुणातून ओरडायचा, "देवाला निजू दे गं, अन् मलाबी!" ती हसायची, जातं चालूच. हिंगोलीला इंजनाची चक्की आली तरी तिनं दळण घराबाहेर जाऊ दिलं नाही. भाकर भरड लागते म्हणून सोनाजी चाळीस वर्षं भांडला.

आता तो स्वतः विठ्ठल म्हणायला बसला, की पहिल्याच नावाला कोणीतरी विचारायचं, "सोनाजीराव, शेवटी काय बोलल्या हो?"

"ज्वारी पाखडून ठेवलीया म्हणली."

पाहुण्याचं तोंड उतरायचं.

नवव्या दिवशी सांजच्याला थोरली बहीण आशाबाईनं रीतीप्रमाणं दिव्यापाशी ताटात पीठ सपाट पसरलं, वर टोपली झाकली. माणूस कोणत्या जन्माला गेलं, त्याचं पाऊल पिठावर उमटतं म्हणतात. सकाळी टोपली उचलली, तशी आठ डोकी ताटावर वाकली.

"चिमणी झाली गं माझी भावजय!" आशाबाईनं सूर लावला.

"चिमणी कुठली? बराबर बघ अक्का, गाईचं खूर हाय," धाकटा भाऊ माणिकराव म्हणाला.

"ताटात गाय मावली व्हय रे?"

सोनाजीनं वाकून पाहिलं. "काईच न्हाई."

"मंग मुक्ती!" माणिकरावानं लगेच गाय सोडली. "भाग्याची बाई."

"भाग्याची? जाताना मागं वळूनबी बघितलं न्हाई, अन् त्याला तुमी मुक्ती म्हणून राहिले?"

सोनाजी उसळला. आशाबाईनं ताट उचललं. "चला, ओढ्यात सोडायचंय. रामकिशन वाट पाहत असंल." लेक विधीसाठी पहाटेच ओढ्यावर गेला होता. ताट पुढून जाताना सोनाजीचं बोट पिठाला लागलं. भरड.

"नर्मदे, हे पीठ कुठलं?"

सून दचकली. "डेऱ्यातलं, मामा. सुतकात जातं बंद, भाकरी शेजारून येतात. आत्याबाई दळून गेल्या, ते तेवढंच उरलं होतं."

"अक्का, ताट ठिव खाली. त्याची भाकर खाईन मी."

"दहाव्याचं पीठ खातात व्हय? याड लागलं तुला!"

तो ताटाला झोंबला. माणिकरावानं कमरेला मिठी घातली, अन् तेवढ्यात बायांनी ताट बाहेर नेलं. मागोमाग सगळे ओढ्याला गेले. सोनाजी गेला नाही; नर्मदा तेवढी घर सांभाळायला मागं राहिली.

पाखडलेली ज्वारी सुपात तशीच होती. तो जात्याशी बसला, खुंटा धरला.

"मामा, सुतक हाय!" नर्मदा दारातून म्हणाली.

"माहीत हाय!"

पहिला फेरा, विठ्ठल. दुसऱ्याला जातं अडलं. तिसऱ्याला खुंटाच उपसून हातात आला, अन् विठ्ठलाच्या जागी शिवी निघाली.

"मामा, एवढे दाणे न्हाई घालत. मुठीनं, थोडे थोडे."

"माहीत हाय म्हणलं ना!" माहीत काही नव्हतं.

त्यानं खुंटा ठोकून बसवला, दाणे काढले, मुठीनं घातले. दम लागला, नाव घ्यायला श्वास उरेना. चाळीस वर्षं ही बाई दोन्ही कामं संगं कशी करत होती, हे विचारावं तर कोणाला?

जात्याच्या कडंनं पीठ पडलं. त्यानं चिमटीत घेऊन पाहिलं. शकुबाईच्याहून भरड. आता भांडायलाही कोणी नव्हतं.