टमरेल, दोन देश आणि एक कडी

मित्रांनो, मी एक जुने टमरेल आहे. इतक्यात नाक मुरडू नका. पुढे त्यासाठी भरपूर जागा ठेवली आहे.

जन्माने मी वनस्पती तुपाचा डबा. तूप संपल्यावर आजींनी मला पत्र्याचे काम करणाऱ्याकडे नेले. त्याने माझ्या कडा ठोकून बोथट केल्या, बाजूला कान जोडला आणि म्हणाला, "घ्या, आता हे जन्मभर कामाला येईल." काम कोणते, ते त्याने मला सांगितले नाही. भला माणूस होता.

आमच्या खोल्यांच्या ओळीच्या टोकाला सगळ्यांत मिळून एक संडास होता. सकाळी रांग लागे, पण रांगेत माणसे नसत, आम्ही असू. ज्याने त्याने आपले टमरेल लावायचे आणि घरी जाऊन चहा प्यायचा. आमचे आजोबा टायपिस्ट, शिस्तीचे. मला कोणी मागे सरकवले की ते दिवसभर धुमसत. बाकी तिथल्या भिंतींवरचे थुंकीचे ओघळ, पायाखालचा राडा, माश्या, याबद्दल मात्र त्यांची काही तक्रार नसे. नंबर बरोबर असला की झाले.

दाराला आतून कडी नव्हती. कधीकाळी होती, तुटली. तेव्हापासून आत गेलेल्याने खोकत राहायचे, अशी आमची पद्धत. एखाद्याला खोकण्याचा विसर पडला, तर शेजारचे शिंपीकाका खाडकन दार उघडत आणि वर त्यालाच झापत, "अहो, खोकायला काय पैसे पडतात?" कडी कोणी बसवायची यावर ओळीत कित्येक वर्षे चर्चा चालू होती. चर्चेला सगळे हजर असत.

आजी मला पहाटे अंधारात नेत, नंतर एकदम दिवेलागणीनंतर. मधे कधीच नाही. पुढे त्यांची मूत्रपिंडे बिघडली आणि त्या गेल्या. मी खुंटीवर आजोबांच्या एकट्याचे उरले.

मग परदेशातल्या मुलाने त्यांना बोलावून घेतले. म्हणाला, "आता कायमचे इकडेच राहा. राहून बघा, आवडलं की खोली सोडून टाकू." आजोबांनी मला पंच्यात गुंडाळून बॅगेत घातले. "तिकडे नुसता कागद असतो म्हणे," ते शिंपीकाकांना म्हणाले. कोणाचा तरी खून झाल्याची बातमी सांगावी तसा चेहरा करून.

मित्रांनो, मुलाच्या घरचे न्हाणीघर पाहून मला वाटले, आपण चुकून दवाखान्यात आलो. माणसे तीन आणि न्हाणीघरेही तीन. जमीन कोरडी ठणठणीत, थेंब सांडायची चोरी. आत खरोखरच कागद होता. आणि बाहेर अंगणात मुलगा पिण्याच्या पाण्याची नळी लावून अर्धी सकाळ गाडी धूत होता. माणसापेक्षा मोटार स्वच्छ असलेला देश मी पहिल्यांदाच पाहत होते.  

पहिल्याच सकाळी आजोबांनी मला न्हाणीघराच्या दाराबाहेर ठेवले आणि ते चहाला गेले.

"बाबा, हे इथे कशाला?" सूनबाईंनी विचारले.

"नंबर लावलाय."

"कोणाच्या मागे?"

आजोबांनी मागेपुढे पाहिले. कोणीच नव्हते.

सूनबाईंनी मला दोन बोटांत धरून कुंड्यांमागे लपवले. आठवड्याने तिथे मी शेजारणीला सापडले. ती जेवायला आली होती, फुले घेऊन. "हे काय आहे?" तिने विचारले. सूनबाई गडबडून म्हणाल्या, "झाडांना पाणी घालायचं." शेजारणीला माझा गंजका रंग फारच आवडला. तिने माझ्यात फुले खोचली आणि मला थेट जेवणाच्या टेबलावर ठेवले, सुपाच्या भांड्याला खेटून. आता सांगणार कोण? सगळे मुकाट जेवले. शेजारीण मधूनमधून माझ्या काठावर बोट फिरवी आणि तेच बोट चाटे. मित्रांनो, नाक मुरडायची जागा ती ही.

ती गेल्यावर आजोबांनी तोंड उघडले. "शी! हा कसला देश? आठवडा झाला, कोणी माझं दार वाजवलं नाही. आत मेलो तरी कळायचं नाही. आपल्याकडे पाच मिनिटं झाली की चौघं दार ठोठावतात."

मुलगा ताटल्या उचलता उचलता थांबला. "ठोठावत नव्हते बाबा, उघडत होते. म्हणून आई दिवसभर पाणी पीत नव्हती."

आजोबांनी माझ्यातली फुले सारखी केली. मग म्हणाले, "मला वाटायचं, तिला तहानच कमी आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाकडून पेचकस मागून घेतला आणि तिसऱ्या न्हाणीघराच्या दाराची आतली कडी काढली.

"बाबा, बाजारात नवी मिळते."

"नवी मिळते, हे मला तिथेही माहीत होतं," आजोबा म्हणाले. "एवढी बसवून येतो. खोलीचं मग बघू."

कडी माझ्यात घालून ते परत आले. शिंपीकाकांनी डोकावून पाहिले. "परदेशातून येऊन आणलंत काय, तर ही कडी?" आजोबांनी दार आधी घासून धुतले आणि स्वतःच्या हाताने कडी ठोकली. चर्चेला सगळे हजर होते. हात कोणी लावला नाही.

त्या दुपारी कोपऱ्यातल्या खोलीतली मामी भर उन्हात आपले टमरेल घेऊन गेली. आतून कडी वाजली. खोकला ऐकू आला नाही. परत आल्यावर तिने माठातले पाणी ओतून घेतले आणि उंबऱ्यात बसून सावकाश, पेलाभर प्यायली. आजोबा समोरच बसले होते. त्यांनी मान फिरवली.

आता माझा तळ गळतो. मला भंगारात द्या, माझे काही म्हणणे नाही. पण मित्रांनो, कोणता देश चांगला, असा निबंध तुम्हाला शाळेत आला, तर उंच इमारती मोजत बसू नका. तिथल्या बाईला भर दुपारी पोटभर पाणी पिता येते का, एवढे विचारा. आणि तुमच्या दाराची कडी तुटली असेल, तर कृपा करून चर्चा करू नका.