खांबाला बांधलेली ओटी

मित्रांनो, दीपाच्या खांद्यावरच्या पिशवीत, वह्या आणि पाण्याची बाटली यांच्या खाली, घडी घालून ठेवलेले एक पिवळट कापड आहे. ते कापड म्हणजे मी. मी एक जुनी ओटी आहे. कापूस वेचताना बाया जे जाड कापड कमरेला बांधून पोटापुढे झोळी करतात, त्याला आमच्याकडे ओटी म्हणतात. माझ्यावर तीन ठिगळे आहेत आणि एका बंदावर घासल्याचा काळपट वळ आहे. ठिगळांचे मला काही वाटत नाही. मला सांगायचे आहे ते त्या वळाविषयी.

दीपाची आई सत्यभामाबाई हिने दिग्रसच्या बाजारातून मांजरपाट आणला आणि दोन दुपारी बसून मला हाताने शिवले. दोन्ही बाजूंना जुन्या लुगड्याच्या काठाचे बंद लावले. कमरेला दोन वेढे बसावेत इतके लांब, कारण भरलेली ओटी दुपारपर्यंत कंबर ओढू लागते. त्या लांब बंदांचा मला फार अभिमान होता.

अशी ओटी एकटीने नीट बांधता येत नाही. गाठ पाठीमागे येते आणि ती दुसऱ्याने मारावी लागते. शेतावर बाया एकमेकींची मारतात. सत्यभामाबाईची गाठ मात्र घरातूनच मारून जायची, आणि ती मारायची आठ वर्षांची दीपा. आई दोन्ही हात वर करून पाठमोरी उभी राहायची. मुलगी जीभ बाहेर काढून बंद ओढायची.

"घट्ट बांध वं. नाही तं बांधावर पोचेस्तोवर गळते."

"माय, पोट दुखन तुहं."

"दुखू दे. पोट माहं हाये, तुले काय?"

मग हात खाली यायचे, एक हात मागे वळून दीपाच्या डोक्यावर टेकायचा आणि आम्ही निघायचो.

मी बावीस हंगामांच्या वेचण्या पाहिल्या. सत्यभामाबाईचा कापूस इतका स्वच्छ असायचा की त्यात पाल्याचा कण सापडत नसे. शेताचे मालक मारोतराव नव्या बायांना तिच्या ओळीत उभे करीत. शेजारच्या ओळीत तांड्यावरची हंसाबाई असे. माझी झोळी टम्म फुगली की ती कमरेवर हात ठेवून विचारायची,

"काय वं सत्यभामा, कितवा महिना?"

"नववा लागला. संध्याकायी मोकयी होतो."

रोज हाच विनोद आणि रोज सगळ्या बाया हसायच्या.

मित्रांनो, आजार घरात शिरला तेव्हा तो आजार आहे हे कोणाला कळले नाही. एके दिवशी माझ्यात कापसाबरोबर हिरवी बोंडेही आली. मारोतराव म्हणाले, "बाई, डोळे तपासा." डोळे चांगले होते. मग चहात मीठ पडू लागले. मग बुद्धविहाराकडून घराकडे येणारी वाट हरवली. यवतमाळच्या डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश असे नाव सांगितले आणि गोळ्या दिल्या. पुढे घरी काय करायचे, ते दीपाने विचारले नाही. ती आता मोठी झाली होती, गावातली अंगणवाडी सांभाळत असे. घरात दुसरे कोणी नव्हते. तिच्या फळीवर पुस्तकांची रांग होती, आणि आईविषयी काही विचारावे लागेल असे तिला वाटले नाही.

दोन हंगाम हंसाबाईने निभावून नेले. ती सकाळी दारात येऊन म्हणायची, "चाल, सत्यभामा." एवढे पुरे होते. सत्यभामाबाईला मुलीचे नाव आठवत नसे, ती तिला 'बाई' म्हणू लागली होती. पण पऱ्हाटीपुढे, कापसाच्या झाडापुढे, उभी राहिली की तिची बोटे बोंडातून कापूस अलगद उचलत. दिवसभर ती शांत असे. तिचे औषध शेतात होते, हे मला ठाऊक होते. पण कापडाला कोण विचारतो?

मग बोंडअळीचे वर्ष आले. गुलाबी अळीने बोंडे आतून खाल्ली. ती उमललीच नाहीत. मारोतरावांनी उभ्या पऱ्हाटीत गुरे सोडली. वेचणी नाही म्हणून हंसाबाई नवऱ्याबरोबर पुसदकडे वीटभट्टीवर गेली. सत्यभामाबाईला हे कसे कळावे? रोज सकाळी ती खुंटीवरून मला काढायची.

"बाया निघाल्या का, बाई?"

"कापूस नाही माय यंदा. किती वेळा सांगू?"

आई मान हलवायची आणि दीपा अंगणवाडीत गेली की मला हातात घेऊन निघायची. एकदा ती दिग्रसच्या रस्त्यावर सापडली. दुसऱ्यांदा मारोतरावांच्या विहिरीच्या काठावर. पाय आत सोडून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपाने मला हातात घेतले आणि म्हणाली, "चाल माय, ओटी बांधतो."

सत्यभामाबाईचा चेहरा उजळला. ती घरातल्या मधल्या खांबाजवळ पाठमोरी उभी राहिली आणि तिने दोन्ही हात वर केले.

दीपाने तिला हळूच खाली बसवले. माझे बंद कमरेभोवती घेतले, मग खांबाभोवती घेतले, आणि गाठ खांबामागे मारली. माझ्या बंदांची लांबी त्यासाठी अगदी पुरली. दीपाने बाहेरून दार लोटले.

त्या दिवशी सत्यभामाबाई बराच वेळ बायांची वाट पाहत होती. मग ती पुढे वाकू लागली. प्रत्येक वाकण्यासरशी मी तिच्या कमरेत रुतत होते आणि खांबावर घासत होते. दुपारी दीपा आली तेव्हा आईचे लुगडे ओले झाले होते. आई खाली मान घालून म्हणाली,

"बाई, सोडा मले. मी पयून नाही जात."

दीपाने तिला धुतले, कोरडे नेसवले, खाऊ घातले, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा बांधले. असे एकोणतीस दिवस चालले. तिसऱ्या दिवसापासून हात वर झाले नाहीत. ते दीपाला वर करावे लागले.

एकोणतिसाव्या दिवशी दीपा दिग्रसला गेली. विसरभोळ्या माणसांची घरी काळजी कशी घ्यावी याचे चार दिवसांचे प्रशिक्षण होते आणि अंगणवाडीच्या बायांना त्याचे बोलावणे होते. आई घरी खांबाला होती. तिथे काय झाले ते दीपाने पुढे वीटभट्टीवरून परतलेल्या हंसाबाईला सांगितले, तेव्हा मी ऐकले. शिकवणाऱ्या नर्सताईंचे नाव उर्वशी. त्यांनी सुरुवातच अशी केली: "घरातल्या माणसाला बांधून कोण आलं आहे, हे मी विचारणार नाही. हात वर करू नका. फक्त ज्याला घरी जायचं असेल त्याने आत्ता उठावं. मी हजेरी लावीन."

दीपा उठली. बस नव्हती. मिळेल त्या ऑटोने आणि शेवटचा रस्ता चालत ती आली. खांबामागची गाठ घट्ट बसली होती. तिने ती दातांनी सोडवली.

उरलेले तीन दिवस ती आईला बरोबर घेऊन प्रशिक्षणाला गेली. तिथे ती शिकली की चुकले म्हणून रागवू नये, आठवते का असे सारखे विचारू नये, आणि माणसाच्या हातांना जे काम येत होते ते हातांना परत द्यावे. शेवटच्या दिवशी घरी येऊन तिने जुनी उशी उसवली, कापूस सुपात पसरला आणि मला उचलले.

सत्यभामाबाईने मला पाहिले आणि ती भिंतीला जाऊन टेकली. दोन्ही हातांनी तिने कंबर झाकून घेतली.

मित्रांनो, तिने मला शिवले होते. तिला सगळ्याचा विसर पडला होता, दिवसांचा, नावांचा, स्वतःच्या मुलीचा. माझा तेवढा पडला नाही. मला वाटले, आता मला चुलीत घालावे.

दीपाने तसे केले नाही. तिने मला स्वतःच्या कमरेला बांधले. गाठ नीट बसली नाही, कारण मागून मारणारे कोणी नव्हते. ती सूप घेऊन आईपुढे, थोडे दूर, बसून राहिली. पहिल्या दिवशी काही झाले नाही. दुसऱ्याही नाही. रोज दुपारी ती बसायची. पाचव्या की सहाव्या दिवशी सत्यभामाबाईची बोटे सुपाकडे गेली. तिने कापसाचा एक पुंजका उचलला, त्यातला कण काढून टाकला आणि तो माझ्यात, दीपाच्या ओटीत, टाकला. मग दुसरा. संध्याकाळपर्यंत मी भरले. तिने फुगलेल्या ओटीवर हात ठेवला आणि दीपाकडे बघत विचारले,

"कितवा महिना, बाई?"

दीपाला उत्तर येत होते.

"नववा, माय."

तीन महिने त्या दोघी असे सूप भरत आणि रिकामे करत राहिल्या. पण माझा बंद हाती घेऊन दीपा उठली की आई तेव्हाही भिंतीकडे सरकायची. शेवटपर्यंत तिने माझ्यापुढे हात वर केले नाहीत. मग साध्या तापाने ती गेली.

पुढच्या वर्षापासून उर्वशीताईंनी दीपाला गावोगाव शिकवायला नेले. ती चांगले शिकवते. बांधण्याची गोष्टही सांगायची, पण अशी: "एका गावात एक बाई होती. तिने आपल्या आईला बांधलं." मी पिशवीत असायचे आणि ऐकायचे. सहा गावांत ती बाई दुसरीच कोणी होती.

सातवे गाव महागावजवळचे. समाजमंदिरात वीसेक माणसे होती. मागे बसलेले किसनसिंग उठून म्हणाले, "ताई, सांगाले सोपं हाये. माहा बा तीनदा बसस्टँडवर सापडला. म्या बी शेतात जातो. बांधू नाही तं काय करू? तुम्ही कधी बांधलं कोणाले?"

दीपाने पिशवीत हात घातला, मला बाहेर काढले आणि टेबलावर पसरले. काळपट वळ वर येईल असे.

"ही माह्या मायची ओटी. हिनं मी मायले खांबाले बांधलं. एकोणतीस दिवस. ती गोष्टीतली बाई मीच हाये."

एका बाईने पदर तोंडाला लावला. दीपाने बंदाची घडी सरळ केली आणि विचारले,

"दादा, तुमचे बाबा काय काम करत?"

"एस्टीत होता. कंडक्टर."

ते एवढे बोलले आणि खाली बसले. मग बसल्या जागेवरून म्हणाले,

"त्याची चामड्याची पिशवी माळ्यावर टाकून देली म्या."

"काढा खाली," दीपा म्हणाली. "आजच काढा."

मित्रांनो, तेव्हापासून ती मला प्रत्येक गावी टेबलावर पसरते. वळ धुऊन जात नाही आणि ती तो धूतही नाही. तुमच्या घरात कोणी आजी-आजोबा एकच प्रश्न दहादा विचारू लागले, उठून कुठे तरी जायला निघू लागले, तर ते कुठे निघाले आहेत ते आधी विचारा. त्यांचे हात काय शोधत आहेत ते पाहा. मला जिथे बांधले तिथे मी बांधली गेले. गाठ मारली की कापडाला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येते.