फायबरचा ओठ

सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडताना अंबिकाने नेहमीप्रमाणे गाडी तिरकी घेतली. आधी डावं चाक, मग उजवं, बाळंतिणीला जिना उतरवावा तसं सावकाश. तरी खालून कर्रर्र आवाज आला आणि पाठोपाठ काहीतरी कडकन तुटलं. मागे शेजाऱ्यांची गाडी बाहेर पडायला उभी होती. त्यांनी हॉर्न दिला. अंबिका खाली उतरली आणि ओढणी सावरत वाकली. पुढच्या बंपरखालची काळी पट्टी डाव्या कोपऱ्यापासून मधोमध चिरली होती आणि चिरेतून फायबरचे पांढरे धागे बाहेर आले होते.

"परत?" शेजाऱ्यांनी खिडकीतून विचारलं.

"परत," ती म्हणाली आणि दार धाडकन लावून घेतलं.

ही पट्टी तिने हौसेने लावलेली नव्हती. ती तिचा धाकटा भाऊ मयूर याची हौस होती. लालबागला वडिलांचा फायबरचा कारखाना होता. मखरांचे खांब, कमानी, मंडळांच्या देखाव्यातले हत्ती नि मोर तिथे तयार व्हायचे. वडील गेले आणि काम हळूहळू गणपतीच्या दिवसांपुरतं उरलं. मयूरने मधे केटरिंग करून पाहिलं, मोबाइलची कव्हरं विकून पाहिली. दोन्ही धंदे बसले. मग गाड्यांचे बॉडी किट बनवायचं त्याच्या डोक्यात आलं. पुढच्या बंपरखाली लावायची लिप, दोन्ही बाजूंचे स्कर्ट, डिकीवरचा स्पॉइलर. साचे काढायची कला हातात होतीच. गिऱ्हाइकांना दाखवायला एक गाडी हवी होती.

"ताई, तुझी गाडी रोज परळ, दादर, शीव फिरते. लोक बघतील ना. फुकटची जाहिरात!"

आईनेही तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की अंबिकाला नाही म्हणता आलं नाही. किट बसवल्यावर मात्र आईच लिपकडे बघून म्हणाली होती, "गाडयेक ओठ कित्याक व्हयो?"

अंबिका कान तपासायची. सकाळी शीवच्या एका क्लिनिकमध्ये, आणि दुपारनंतर वडाळा, दादर, गिरगाव इथे ज्यांना जिना उतरवत नाही अशा म्हाताऱ्या माणसांच्या घरी. डिकीत तपासणीचं मशीन आणि कानयंत्रांची पेटी असायची. गाडीशिवाय तिचं काम अडायचं. आणि तिचा रस्ता म्हणजे कुठे खोदलेला, कुठे बुजवलेला, कुठे पेव्हर ब्लॉक वर आलेले, त्यात प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी गटाराचं उंच झाकण.

त्या संध्याकाळी ती थेट कारखान्यात गेली. मयूर उकिडवा बसून चिरेवरून बोट फिरवत म्हणाला, "कुठे मारलीस?"

"मारली नाही. गेटमधून बाहेर काढली."

"सरळ काढली असशील. तिरकी घ्यायची."

"तिरकीच घेतली."

"मग स्पीड असेल."

"मयूर, गेटमधून कोण स्पीडने गाडी काढतं?"

"अगं, पहिली फुटली तेव्हा पण हिंदमाताला खड्डा होता. तुला दिसलाच नाही."

"पाणी भरलं होतं त्याच्यावर! कोणाला दिसणार?"

"बरं, बरं. चिडू नको. ह्याला अजून थर चढवून देतो. दगड होईल दगड."

"मला दगड नकोय रे. मला वाकणारं काहीतरी दे. आपटलं की दबेल आणि परत जागेवर येईल असं."

"ते पीयू. एक प्रकारचं रबरासारखं प्लास्टिक असतं. ते आपल्याकडे होत नाही. आणि फायबरसारखी फिनिश त्याला येतच नाही. फायबर फुटलं तर जोडता येतं, ताई. हाच तर त्याचा फायदा."

"जोडायला मला रोज इथे यावं लागतं, त्याचं काय?"

तेवढ्यात कारखान्यामागच्या घरातून आई चहा घेऊन आली. तिने लेकीच्या हातात कप दिला आणि हळूच म्हणाली, "तेका काय बोला नको गो. आत्ताच खंय तेचो हात बसाक लागलो."

अंबिकाने चहाचा घोट घेतला. हे दर वेळी असंच व्हायचं. ती भांडायच्या तयारीने यायची आणि चहा पिऊन घरी जायची.

थर चढवलेली लिप खरोखरच दगड झाली. फुटली नाही, पण तिचं वजन बंपरला पेलवेना. एका दुपारी अंबिका वडाळ्याला एका आजोबांकडे निघाली होती. दादर टीटीच्या पुढे एका उंच झाकणावर गाडी टेकली आणि पट्टीचं एक टोक खाली लोंबायला लागलं. डांबरावर घासत असा काही आवाज यायला लागला, की बसस्टॉपवरची माणसं वळून बघू लागली. तिने गाडी कडेला घेतली. लिप फुटली नव्हती, पण निखळताना त्या पट्टीने कंपनीच्या बंपरच्या क्लिपा उपटून काढल्या होत्या. आता बंपरही एका बाजूने सुटला होता.

तिने मयूरला फोन लावला.

"तुटली का?" त्याने आधी हेच विचारलं.

"नाही तुटली."

"बघ! म्हटलं होतं ना?"

"बंपर तुटला, मयूर."

"फोटो पाठव ना. कसा ओढला गेला ते बघू दे."

तिने फोन कट केला. ओढणी काढून बंपर बांधला, ओढणीचं दुसरं टोक बॉनेटखाली अडकवलं आणि बैलगाडीच्या वेगाने वडाळ्याला पोचली. आजोबा वाट बघून झोपले होते. सुनेने दारातूनच सांगितलं, "आता उठवलं तर चिडतात ते. पुढच्या आठवड्यात या." मशीन उचलून अंबिका जिना उतरली, आणि खाली येऊन त्या ओढणीकडे बघताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुःखापेक्षा त्यात संतापच जास्त होता.

रात्री जेवताना तिचा नवरा विनीत म्हणाला, "काढून टाक ना ती पट्टी. विषय संपला."

"काढली की त्याला दिसेल. मग आई, मग रडारड. शिवाय बंपरला भोकं पाडलीत त्याने. उघडा ठेवला तर चाळणी दिसेल."

"गाडी कोणाची आहे, अंबिका?"

तिने भाताचा घास तसाच धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी क्लिनिक सुटल्यावर ती शीवजवळच्या गाड्यांच्या सामानाच्या एका दुकानात गेली. दुकानदाराने आधी कार्बन फायबरची लिप काढली. चमचमणारी, हातात घेतली तर पिसासारखी.

"हे फुटपाथला घासलं तर काय होईल?" अंबिकाने विचारलं.

"फुटपाथला कशाला घासायचं, मॅडम?"

"घासणार. रोज घासणार. सांगा, काय होईल?"

"मग हे नका घेऊ," तो हसला. त्याने दुसरी दाखवली, साध्या कडक प्लास्टिकची. ती थोडं सोसेल, पण जोरात लागली तर तुटेलच, असं त्यानेच सांगितलं. तिसरी पीयूची होती. अंबिकाने ती दोन्ही हातांनी धरून दुमडली. दोन्ही टोकं जवळजवळ एकमेकांना लागली. सोडल्यावर ती आळस दिल्यासारखी सरळ झाली. चमक कमी होती, कडा फायबरइतक्या रेखीव नव्हत्या, वजनही कार्बनपेक्षा जास्त होतं. तिने तीच घेतली, बंपरच्या नव्या क्लिपा लावून घेतल्या आणि मयूरने पाडलेल्या भोकांवरच ती बसवून घेतली. रंग काळाच. आकारही साधारण तोच. मयूरची लिप विनीतने माळ्यावर टाकली.

भावाला तिने काही सांगितलं नाही. गणपती तोंडावर आले होते. मयूर कमानींच्या कामात पार बुडालेला होता. एकदा कारखान्याबाहेर गाडी बघून तो लांबूनच ओरडला, "बघ! टिकली की नाही? थर वाढवल्याची कमाल!"

अंबिकाच्या जिभेवर आलेलं वाक्य तिने गिळलं.

दिवाळीनंतर एका रविवारी मयूरचा फोन आला. गिरगावच्या हर्षवर्धन नावाच्या एका मुलाने नवी गाडी घेतली होती, त्याला किट बघायचं होतं.

"गाडी घेऊन ये ना, ताई."

"आज नको. धुतलेली नाहीये."

"मग आम्हीच येतो तुझ्याकडे. तू उतर फक्त खाली."

ती खाली उतरेपर्यंत दोघे गाडीजवळ उभे होते. मयूर रंगात आला होता. "रोज चालते ही. परळ ते शीव, सगळे खड्डे. पुढची लिप बघ तू. लाथ मारली तरी हलणार नाही." आणि अंबिका काही बोलायच्या आत त्याने खरंच लाथ मारली.

लिप आत दबली. मग सावकाश बाहेर आली.

"अरे, भारीच आहे हे!" हर्षवर्धन वाकून म्हणाला. "मला वाटलं कडक असेल. मला हेच पाहिजे. आमच्या वाडीच्या तोंडाशी केवढी उंच फरशी आहे!"

मयूरने अंगठ्याने पट्टी दाबली. पुन्हा दाबली. मग मान वर करून बहिणीकडे पाहिलं. अंबिकाला वाटलं, आता हा होकार देऊन मोकळा होईल. ऑर्डर त्याच्या हातात होती.

"ही माझी नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?" हर्षवर्धनने विचारलं.

"ही लिप मी नाही बनवली. बाजूचे स्कर्ट माझे, स्पॉइलर माझा. ही बाहेरची आहे."

हर्षवर्धन थोडा घुटमळला, विचार करून कळवतो म्हणाला आणि गेला. गेटपाशी तो दिसेनासा झाल्यावर मयूर वळला. "मला तोंडघशी पाडलंस तू."

"मी तुला बोलावलं नव्हतं."

"सांगायचं ना मग आधी!"

"किती वेळा सांगू?" अंबिकाचा आवाज चढला. वरच्या गॅलरीत कोणीतरी डोकावलं, पण ती थांबली नाही. "वाकणारं दे म्हटलं, तू थर चढवलेस. बंपर तुटला म्हटलं, तू फोटो मागितलास. दर वेळी मलाच विचारलंस, कुठे मारलीस? रस्त्याच्या कडेला ओढणीने गाडी बांधत होते मी! एकदा तरी माझ्या शेजारी बसून शीवपर्यंत आलास?"

मयूरने सुटलेली चप्पल पायात सरकवली. मग म्हणाला, "चल."

"आज रविवार. रस्ते रिकामे असतात. उद्या ये."

त्याला वाटलं ती टाळते आहे. पण सोमवारी सकाळी तो आला आणि दिवसभर तिच्या शेजारी बसला. शीवला क्लिनिकबाहेर गाडीतच थांबला. प्रत्येक झाकणावर तो वरचं हँडल धरायचा आणि दातांतून आवाज काढायचा, जणू त्याच्याच गुडघ्याला लागतंय. वडाळ्याच्या एका गल्लीत वळताना पुढून चांगलाच घासल्याचा आवाज आला. गाडी थांबायच्या आत तो खाली उतरला. लिपच्या खालच्या कडेला एक ओरखडा होता. बाकी काही नाही.

"स्कर्ट नि स्पॉइलरला काही झालं का गं कधी?" परत बसताना त्याने विचारलं.

"डावा स्कर्ट एकदा घासला, पण टिकला. स्पॉइलरला काय होणार, तो वर आहे. चांगलं झालंय ते काम."

परळ येईपर्यंत तो मागच्या काचेतून वळून वळून स्पॉइलरकडे बघत होता.

हर्षवर्धनने आठवड्याने फोन करून स्पॉइलर बनवायला सांगितला. पुढची लिप मयूरने त्याला पीयूची बाहेरून आणून बसवून दिली. पुढे येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी विचारू लागला, गाडी रोज चालवणार का? चालवणार असेल तर पुढे खाली पीयू, वर कुठेही न लागणाऱ्या जागी फायबर. अंबिका एकदा कारखान्यात गेली तेव्हा तो फोनवर कोणालातरी सांगत होता, "मी स्वतः टेस्ट केलंय ना, भाऊ. परळ ते शीव, महिनोन्महिने."

तिचे कान तापले. फोन संपेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

"टेस्ट कोणी केली?"

"तू," तो ओशाळून म्हणाला. "पण गिऱ्हाइकाला एवढं सगळं कशाला सांगायचं?"

आतून आई म्हणाली, "बघलंस? आपलो आपण शिकलो तो."

अंबिकाने एक मोठा श्वास घेतला. आईशी भांडायची ताकद नव्हती. तिने मयूरलाच सांगितलं, "माझी गाडी कोणाला दाखवायची असेल तर आधी मला विचारायचं. आणि मी नाही म्हटलं तर नाही."

"हो गं."

"हो गं नाही. नीट ऐक."

"ऐकलं."

पुढच्या रविवारी सकाळी त्याचा फोन आला. "ताई, विचारतोय हां. माहीमचं एक गिऱ्हाईक आहे. गाडी दाखवायला आणू का तुझ्याकडे?"

अंबिका पेपर वाचत बसली होती. दुपारपर्यंत कुठेही जायचं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

"बरं," म्हणून त्याने फोन ठेवला.