वाळूच्या बेटावरून एक लांब शिट्टी

मी एक पितळेची शिट्टी आहे. माझ्या पोटात वाटाण्याएवढी बुचाची गोळी आहे, ती जराशा फुंकरीनेही थडथडते. गिरिजाच्या काळजाचंही तसंच. म्हणून आमचं जमलं असावं.

मला दिल्लीच्या सदर बाजारातून आणलं मारुतरावांनी, म्हणजे तिच्या बाबांनी. फौजेतून निवृत्त होऊन त्यांनी गाझियाबादच्या नव्या वसाहतीत फ्लॅट घेतला होता. तिथल्या मराठी मंडळाच्या लेझीमपथकाची गिरिजा प्रमुख. दाराची बेल वाजली तरी दचकणारी ही मुलगी मला ओठांत धरून वीस जणींना नाचवायची. छोट्या शिट्ट्या म्हणजे नाचा. एक लांब म्हणजे थांबा.

शहाण्णवच्या विसर्जनाला दुपारी बापलेक मूर्ती घेऊन नावेतून यमुनेत गेले. काठाला पाणी उथळ, आणि देवाला खोल पाणी हवं, हा बाबांचा हट्ट. विसर्जन झालं, पण परतताना नाव कशावर तरी आदळून फुटली. श्याम नावाड्याने दोघांना मधल्या वाळूच्या बेटावर ओढलं. त्यात त्याचा खांदा निखळला. बाबांचा गुडघा तर फौजेतच गेलेला. गिरिजाला पोहता येत नव्हतं. पोहून जाणं कुणालाच शक्य नव्हतं, आणि पाणी चढत होतं.

"शिट्टी मार, पोरी."

गिरिजाने धापा टाकत मला फुंकलं. छोट्या, छोट्या, छोट्या. काठावर थांबलेल्या पथकाचा ढोल आणखी चढला, पोरी नाचू लागल्या. मंडळाचे सूर्यकांतकाका, कमरेला नवाकोरा पेजर लावून, दोन्ही हात हलवत ओरडले, "मोरया!"

"अगं, नाचतायत ते," बाबा म्हणाले. त्यांना हसूही आलं. पाणी गुडघ्याला लागलं होतं.

चूक मला कळली होती, पण मला स्वतःचा श्वास कुठला?

"बाबा, मीच नाचवतेय त्यांना," गिरिजा हळूच म्हणाली. तिने डोळे मिटले आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास मला दिला. एक लांब.

वीस लेझमी जागच्या जागी थांबल्या. सवयच तशी. ढोलही थांबला. त्या शांततेत श्यामची हाक काठापर्यंत पोचली, "पानी चढ़ रहा है, दूसरी नाव भेजो!"

नाव आली तेव्हा पाणी बाबांच्या कमरेपर्यंत होतं.

बाबा पुढे चौदा वर्षं जगले. मी आता गिरिजाच्या चाव्यांच्या जुडग्यात असते. गोळी झिजलीय, आवाज घोगरा झालाय. यमुनेचा पूल आला की ती अजून मला मुठीत धरते.

माझं एवढंच मागणं आहे. पाण्यातून कुणी हात हलवताना दिसलं, तर लगेच हात हलवू नका. आधी ढोल थांबवा.